मान कुणाचा? सोलापुरात धर्मावर पहिल्यांदाच संशोधन करणाऱ्यांसाठी

पीएच.डी.साठी मी पहिल्यांदा लिहून नेलेला विषय होता, ‘सोलापूर जिल्ह्यातील धर्म आणि समाजजीवन : एक समाजशास्त्रीय अभ्यास’. सरांनी कागद हातात घेतला, शीर्षकाखाली लाल रेघ ओढली आणि विचारलं, “यातून सुटलं काय, तेवढं सांगा.” मला सांगता आलं नाही. पुढचे सहा महिने विषय कापण्यातच गेले. शेवटी जे उरलं ते एवढंच : कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला रात्रभर चालत जाणाऱ्यांना वाटेत कोण खाऊ घालतं? एवढासा प्रश्न मला पाच वर्षं पुरला.

एम.ए.चा लघुप्रबंध असो की पीएच.डी., आपल्या भागातल्या धर्मजीवनावर काही करायचं मनात असेल तर पुढचं वाचा. मी ज्या खड्ड्यांत पडले ते दाखवून ठेवते. नवे तुमचे तुम्हाला सापडतीलच.

१. विषय बारीक करा, मग अजून बारीक करा

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. देव आहे का, नवस फळतो का, कुठला पंथ शुद्ध आणि कुठला भ्रष्ट, हे ठरवणं आपलं काम नाही. लोक देवाच्या नावानं एकत्र येऊन काय करतात, कुणाला आत घेतात, कुणाला उंबऱ्याशी थांबवतात, पैसा कुठून येतो आणि कुठं जातो, हे आपण बघायचं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमनं १९१२ साली मांडलं की देवाची पूजा करताना समूह खरं तर स्वतःलाच बांधून घेत असतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ वेबरला धर्मश्रद्धा आणि पैसा कमावण्याची रीत यांतला धागा दिसला. एम. एन. श्रीनिवासांनी कूर्गमधल्या अभ्यासातून १९५२ साली ‘संस्कृतीकरण’ (खालच्या मानलेल्या जातींनी वरच्यांच्या चालीरीती उचलणं) हा शब्द दिला. हे तिघं परीक्षेपुरते सगळेच वाचतात. पण १९५६ साली लाखो माणसांनी समाज बदलावा म्हणून नागपुरात धर्म बदलला, त्या महाराष्ट्रात धर्म आणि समाजाचं नातं समजायला फार लांब जावं लागत नाही.

विषय बारीक झाला की नाही याची माझी परीक्षा साधी आहे. तो एका वाक्यात मावतो का, वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह येतं का, आणि ते वाक्य घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सांगितल्यावर “हां, मग? कोण खाऊ घालतं?” असं कुतूहल उमटतं का. “बरं बरं, कर अभ्यास” असं उत्तर आलं तर विषय अजून भोंगळ आहे असं समजा.

सोलापुरात विषयांना तोटा नाही. संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेत मिरवतात त्या सात नंदीध्वजांचा (उंच सजवलेल्या काठ्यांचा) मान वेगवेगळ्या समाजांकडे आहे. शेवटच्या दोन काठ्या मातंग समाजाच्या. हा मान कसा आला, कसा टिकला, कधी त्यावरून वाद झाले का? शहराच्या पूर्व भागात, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीत, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो. यंत्रमाग बंद पडत गेले तेव्हा रथाच्या वर्गणीचं काय झालं? १९३० साली इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉच्या (लष्करी कायद्याच्या) काळातल्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी झाली ती १२ जानेवारी १९३१ ला, म्हणजे ऐन यात्रेच्या दिवसांत. मग ही दोन स्मरणं शहरात शेजारी शेजारी कशी नांदतात? यांतला कुठलाही प्रश्न उचला, आयुष्य निघेल.

इथं एक सापळा आहे. आपल्याच घरच्या, आपल्याच समाजाच्या देवस्थानावर काम करायचा मोह होतो. फायदा असा की दार लगेच उघडतं. तोटा असा की तुम्हाला जे ‘असंच असतं’ वाटतं ते तुम्ही टिपतच नाही, आणि काकांच्या गटाविरुद्ध लिहायची वेळ आली की पेन जड होतं. करायचंच असेल तर प्रबंधात पहिल्याच प्रकरणात स्वतःचं नातं सांगून टाका.

२. प्रवेश, गाईड आणि नियम

हा भाग लवकर उरकते, कारण नियम बदलत राहतात. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाची (स्थापना २००४, परिसर केगावला) जाहिरात आणि पुस्तिका त्या त्या वर्षीचीच वाचा. मैत्रिणीकडच्या तीन वर्षांपूर्वीच्या पीडीएफवर जाऊ नका. मी गेले आणि एका प्रमाणपत्रासाठी धावपळ करत बसले. सर्वसाधारण चौकट युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांची आहे. पदव्युत्तरला किमान ५५ टक्के (राखीव गटांना ५ टक्के सवलत), कोर्सवर्क धरून कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. महिलांना दोन वर्षं वाढवून मिळू शकतात. २०२४-२५ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी वापरायची मुभा विद्यापीठांना दिलेली आहे, म्हणून नेटचा अर्ज भरून ठेवलेला बरा.

गाईडकडे जागा मर्यादित असतात : सहायक प्राध्यापकाकडे चार, सहयोगीकडे सहा, प्राध्यापकाकडे आठ. त्यामुळं ज्यांच्याकडे जागा आहे ते आणि ज्यांना तुमच्या विषयात रस आहे ते, अशी दोन्ही गणितं एकदम जुळवावी लागतात. माझं मत विचाराल तर रस नसलेल्या मोठ्या नावापेक्षा तुमचं लिखाण खरोखर वाचणारी व्यक्ती बघा.

फेलोशिपसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था आणि सामाजिक शास्त्रांतल्या संशोधनाला मदत करणारी दिल्लीची आयसीएसएसआर यांच्या जाहिरातींवर नजर ठेवा. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला हे जाहिरात आल्यावर काढायला निघालात तर उशीर झाला म्हणून समजा.

३. काय काय जवळ लागेल

कागदपत्रं : नोंदणीचं पत्र, गाईडच्या सहीचं ‘हे आमचे संशोधक विद्यार्थी आहेत’ असं लेटरहेडवरचं पत्र (दहा प्रती, एक लॅमिनेट करून), ओळखपत्र, माहिती देणाऱ्याचं संमतीपत्र मराठीत आणि तुमच्या भागाप्रमाणे कन्नड, तेलुगू किंवा उर्दूत.

सामान : खिशात मावेल अशी वही, दोन पेनं, एक पेन्सिल (पावसात आणि तेलकट हातांना पेन्सिलच चालते), रेकॉर्ड करायला मोबाईल, पॉवर बँक, पाण्याची बाटली. संदर्भ सांभाळायला झोटेरो, ते फुकट आहे. पहिल्या दिवसापासून वापरा. चौथ्या वर्षी तीनशे संदर्भ हातानं भरणाऱ्या माणसाचा चेहरा मी आरशात पाहिलेला आहे.

आणि चपला. काढाघालायला सोप्या. हे कुठल्याच संशोधनपद्धतीच्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

४. माणसांकडे जाण्याआधी कागदांकडे जा

माझी सगळ्यात मोठी चूक इथं झाली. मी थेट माणसांत गेले, आणि ज्या गोष्टी कागदावर लिहिलेल्या होत्या त्या लोकांना विचारून त्यांचा वेळ घालवला. एका पंचांनी तर तोंडावर सांगितलं, “हे ट्रस्टच्या फायलीत आहे की, मला काय विचारलालाव?”

पहिला थांबा जुन्या मुंबई इलाख्याचं गॅझेटिअर. सोलापूरचा खंड विसावा, १८८४ सालचा. जाती, देवळं, जत्रा, पेठा, सगळं आहे. पण तो इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेतून आणि त्याला माहिती पुरवणाऱ्या कारकुनाच्या जातीतून गाळून आलेला आहे. कुणाचं देऊळ दोन पानं आणि कुणाचं देऊळ अर्धी ओळ, हे मोजलंत तरी एक परिच्छेद होतो.

दुसरा थांबा जनगणना. धर्मनिहाय आकड्यांचं कोष्टक सी-१ या नावानं मिळतं. २०११ च्या गणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ होती. आता सापळा : सोलापूरसारख्या ठिकाणी ‘लिंगायत किती’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडतो आणि मुख्य कोष्टकात ते वेगळे सापडत नाहीत. जातवार आकडे सविस्तर छापून आले ते शेवटचे १९३१ साली. तेव्हा कुणी सभेत ठोकून दिलेला टक्का प्रबंधात घालू नका. उलट, कोण किती टक्के सांगतो आणि का सांगतो, ते लिहून ठेवा.

तिसरा आणि सर्वांत श्रीमंत थांबा धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. बहुतेक देवस्थानं, मशिदींचे काही न्यास, मंडळं १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असतात. नोंदणी क्रमांक मिळवा (देवळाच्या पाटीवर किंवा पावतीपुस्तकावर छापलेला असतो), नकलेसाठी अर्ज करा आणि ‘परिशिष्ट एक’ बघा. विश्वस्त कोण, नेमायची पद्धत काय, जमीन किती, दागिने काय. मग कलम २२ खालचे बदल अर्ज मागा. विश्वस्त बदलले की हा अर्ज द्यावा लागतो, आणि भाऊबंदकी, गटबाजी, ‘आमच्या आज्यापासूनचा मान’ हे सगळं त्यावरच्या हरकतींत शब्दशः लिहिलेलं असतं. तीन महिने मुलाखती घेऊन मला जे कळलं नव्हतं, ते एका मंडळाच्या हरकतीच्या दीड पानात होतं. कार्यालयात सकाळी जा, शिपायाशी नीट बोला, आणि ‘फाईल सापडत नाही’ हे पहिलं उत्तर अखेरचं मानू नका.

चौथं, जमीन. देवस्थान इनाम, म्हणजे देवाच्या पूजाअर्चेसाठी दिलेली जमीन, सरकारी दप्तरात वर्ग तीनमध्ये येते. सातबाऱ्यावर भोगवटा आणि ‘इतर हक्क’ हे रकाने वाचायला शिकून घ्या. देवाच्या नावावर जमीन, कसणारा एक, पूजा करणारा दुसरा, आणि भांडण तिसऱ्याशी, असं चित्र उभं राहतं.

जुने कागद मोडीत असतील तर घाबरू नका. मोडी शिकायला दोन-तीन महिने लागतात, पुराभिलेख संचालनालय वर्गही घेतं. सगळे शिकून तज्ज्ञ होत नाहीत, मीही झाले नाही. पण कागद कशाबद्दल आहे एवढं कळलं तरी कुठला वाचून घ्यायचा हे ठरवता येतं. शिलालेखांवर काम करायचं असेल तर भीमा-सीनेच्या संगमावरचं हत्तरसंग कुडल एकदा बघून या. शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी लेख तिथं आहे. जैन साहित्य हा विषय असेल तर तुम्ही भाग्यवान. जीवराज जैन ग्रंथमाला सोलापुरातूनच निघाली आणि प्राकृत-संस्कृत ग्रंथांच्या तिच्या प्रती जगभरचे अभ्यासक वापरतात.

५. दाराशी जाणं

परवानगी वरून खाली आणि खालून वर, दोन्हीकडून घ्यावी लागते. फक्त अध्यक्षांना भेटून मंडपात गेलात तर पोरं बोलत नाहीत. फक्त पोरांशी बोललात तर अध्यक्षांचा फोन येतो. यात्रेत काम करायचं असेल तर मानकऱ्यांच्या वाड्यावर जाऊन, टेकून, चहा पिऊन सांगून या. तेही यात्रेच्या दोन-तीन महिने आधी. संक्रांतीच्या आठवड्यात उत्तर कसब्यात कुणाला डोकं वर करायलाही फुरसत नसते.

भाषेचं बघा. आपल्याकडं एका गल्लीत मराठी, पुढच्या गल्लीत कन्नड, वळलं की तेलुगू, चौकात दख्खनी. ‘सगळ्यांना मराठी येतं’ हे खरं आहे, पण देवाविषयी माणूस घरच्या भाषेत बोलतो. एक बाई माझ्याशी मराठीत ‘देवी’ म्हणत होत्या आणि सुनेशी बोलताना ‘अम्मा’. या दोन शब्दांत एकच भाव नसतो. भाषा येत नसेल तर त्याच वस्तीतली कॉलेजची मुलगी सोबत घ्या, तिला तिच्या वेळेचे पैसे द्या, आणि प्रबंधात तिचं ऋण माना.

हाक मारताना ‘मॅडम, सर’ टाळा. पूर्व भागात अक्का, अण्णा. पेठेत काका, मावशी. मशिदीशी चाचा, आपा. वयानं मोठ्या पुजाऱ्याला ‘तुम्ही’ तर म्हणायचंच, पण हलगी वाजवणाऱ्या पोरालाही ‘तुम्ही’ म्हणा. तो ते लक्षात ठेवतो.

वेळ : विडी कामगार बाईकडे सकाळी जाऊ नका, तेव्हा कालच्या विड्या देऊन पानं-तंबाखू आणायची धांदल असते. यंत्रमागवाल्याला पाळी सुटल्यावर लगेच गाठू नका, त्याला भूक लागलेली असते. शुक्रवारी दुपारी मशिदीत मुलाखत मागू नका. साधं वाटतं, पण पहिल्या वर्षी या तिन्ही चुका मी केल्या.

६. काय विचारायचं

माझ्या पहिल्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न होता, “आपल्या जीवनात धर्माचे स्थान काय आहे?” पहिल्या दहा-बारा मुलाखतींत जवळजवळ प्रत्येकानं खुर्चीत ताठ बसून सांगितलं, “धर्म म्हणजे माणुसकी.” काही जणांनी पाच मिनिटं प्रवचन दिलं. चूक त्यांची नव्हती. प्रश्नच भाषणाचा होता, तर उत्तर भाषणाचंच येणार.

मग एके दुपारी पूर्व भागात एका अक्कांच्या ओट्यावर बसले होते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि मापानं कापलेली पानं. पान हातात घेतलं, चिमूटभर तंबाखू, बोटांचा एक वळसा, तोंड दुमडलं, दोरा, झालं. नजर विडीवर नव्हतीच, माझ्या चपलांवर होती. मी कंटाळून प्रश्नावली पिशवीत ठेवली आणि सहज विचारलं, “कोजागिरीला तुम्ही रस्त्यावर चहा वाटता म्हणे. साखर कुणाची असते?”

त्या न थांबता सांगू लागल्या. साखर आठ जणींची, प्रत्येकी दोन किलो. दूध समोरच्या डेअरीवाल्याचं, पण तो फक्त अर्ध्याचे पैसे घेतो. गॅसची टाकी मंडळाची. मंडप उभारणारा मुसलमान, तो भाडं घेत नाही, त्याच्या आईचा नवस होता. “आणि बॅनरवर फोटो?” मी विचारलं. “फोटो नगरसेवकाचा,” अक्का म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हात थांबवून हसल्या. “त्याचं काय असतंय मग? फोटोच असतंय की.”

माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण म्हणजे हे उत्तर.

तेव्हापासून मी श्रद्धेबद्दल थेट विचारणं सोडलं. कामाबद्दल विचारते, पैशाबद्दल, वस्तूंबद्दल, आणि मानाबद्दल. तेल कोण आणतं? काठी खांद्यावर घ्यायला सराव कुठं होतो? बाराबंदी (यात्रेतला पांढरा अंगरखा) कोण शिवतं? पहिला नारळ कुणाचा, आणि मागच्या पिढीत कुणाचा होता? गेल्या वर्षी कोण आलं नाही, का? ज्या घरात सुतक असतं त्यांचा मान त्या वर्षी कोण सांभाळतं? बाईचा हात कुठपर्यंत चालतो आणि कुठं थांबतो? अशी उत्तरं देता देता माणूस श्रद्धेवर आपोआप येतो, आणि तेव्हा तो ‘माणुसकी’ म्हणत नाही, स्वतःच्या घरातलं काहीतरी सांगतो.

एक खबरदारी. ‘हे केव्हापासून चालू आहे?’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘पूर्वापार’ किंवा एखादं नेमकं साल असं येतं. साल लगेच खरं मानू नका, खोटंही ठरवू नका. सोलापूरचा आजोबा गणपती १८८५ पासून बसतो, म्हणजे टिळकांच्या १८९३ च्या आधीपासून, असं शहरात अभिमानानं सांगितलं जातं. कागदात त्याचा माग काढणं हे एक काम. तो अभिमान कोण, कुणासमोर, कुठल्या वर्षी मोठ्यानं सांगू लागलं, हे दुसरं काम. समाजशास्त्राला दुसरं जास्त उपयोगी पडतं.

७. सणाच्या दिवशी

सणात मुलाखत घेता येत नाही, हे आधी मान्य करा. त्या दिवशी फक्त बघायचं. मी पहिल्या वर्षी सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला, म्हणजे प्रतीकात्मक लग्नाला, मोबाईल घेऊन संमती कट्ट्याजवळ (लग्नाची संमती वाचतात तिथं) उभी राहिले. लाखभर डोकी, पांढऱ्या बाराबंद्या, ‘हर्र बोला हर्र’चा गजर, काठ्या डोक्यावरून सरकतायत. घरी येऊन ऐकलं तर तासभर नुसती हलगी, मधेच कुणाचं तरी “सरका की ओ!” संमती वाचली गेली त्यातला एक शब्द कळला नाही.

पुढच्या वर्षी युक्ती बदलली. एकच जागा निवडली आणि एकच प्रश्न घेऊन उभी राहिले : काठी हात बदलते तेव्हा कोण कुणाला देतं? तेवढंच दोन तास बघितलं. वहीत सतरा नोंदी झाल्या, आणि त्या सतरांतून शेजारच्या मैत्रिणीला एक लेख लिहिता आला, कारण नंदीध्वज माझा विषय नव्हता, तिचा होता. मैत्रिणीला मदत करा, ती तुम्हाला करेल. एकट्यानं गर्दी बघता येत नाही.

कोजागिरीच्या रात्रीचंही तसंच. सोलापूर ते तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर निद्रेला गेलेली देवी पौर्णिमेला उठते, तिथं पोचायला माणसं संध्याकाळपासून निघतात. पहिल्या वर्षी मी पूर्ण चाललेच, आणि तळे हिप्परग्याच्या पुढे मला पायाच्या फोडांशिवाय काहीही दिसलं नाही. दुसऱ्या वर्षी तामलवाडीजवळ एका अन्नदानाच्या मंडपात रात्रभर बसले, भाजी चिरायला मदत केली. भाजी चिरणाऱ्या बाईला लोक सगळं सांगतात.

नोंदी त्याच रात्री, झोपायच्या आधी विस्तारून लिहा. सकाळपर्यंत निम्मं उडून जातं. वहीत दोन भाग करा : डावीकडं जे दिसलं, ऐकलं ते. उजवीकडं मला काय वाटलं, राग आला का, रडू आलं का. आरतीला तुमचे हात जोडले गेले तर तेही उजवीकडं लिहा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण लपवलंत तर लिखाणात तिरकस होऊन बाहेर येतं.

८. नाव झाकणं

धर्म आणि जात यांबद्दल कुणी मोकळेपणानं बोललं तर ते तुमच्या भरवशावर. नाव बदललं म्हणजे माणूस झाकला गेला असं नाही. ‘अमुक पेठेतल्या न्यासाच्या एकमेव महिला विश्वस्त’ असं लिहिलंत की सगळी पेठ ओळखते. पेठ बदला, वय पाच वर्षांनी सरकवा, किंवा एकाच माणसाची हकिकत दोन वेगळ्या ठिकाणी विभागून टाका, आणि असं केल्याचं प्रस्तावनेत सांगा. ध्वनिमुद्रणं गूगल ड्राईव्हवर सगळ्यांना उघडी ठेवू नका. फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला तर बिलकुल नको. मिरवणुकीतल्या एका फोटोवरून वस्तीत भांडण पेटलेलं मी पाहिलं आहे, आणि फोटो टाकणारा अभ्यासकच होता.

कुणी सांगता सांगता “हे लिहू नका हां” म्हटलं तर पेन खाली ठेवा, दिसेल असं ठेवा.

९. लिहायला बसल्यावर

शब्द जपून वापरा. ‘अंधश्रद्धा’ हा निकाल आहे, वर्णन नाही. ‘परंपरा’ हा शब्द दिसला की स्वतःला विचारा, कुणाची, किती वर्षांची? लिंगायत की वीरशैव, यावर इथं लोक न्यायालयापर्यंत गेलेत. ज्याच्या तोंडी जो शब्द आला तोच ठेवा आणि स्वतःची निवड कुठल्या कारणानं केली ते तळटीपेत सांगा.

दुसऱ्यांचे प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर वाचायला मिळतात. मराठीतलेही बरेच आहेत. वाचा, उचलू नका. युजीसीच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढं अडचण वाढत जाते. मराठी मजकूर सॉफ्टवेअरला नीट पकडता येत नाही असं कॉरिडॉरमध्ये ऐकू येईल. त्या भरवशावर राहिलेल्यांची व्हायवा (तोंडी परीक्षा) मी बाहेर बाकावर बसून ऐकली आहे.

‘७२ तासांत लेख छापून देतो, प्रमाणपत्रासह’ असे मेसेज येतील. पैसे भरू नका. युजीसीनं २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केल्यापासून कुठलं नियतकालिक चांगलं हे आपल्यालाच पारखावं लागतं. मागचे तीन अंक उघडून बघा, पाच मिनिटांत कळतं.

१०. परत जाणं

प्रबंध जमा झाल्यावर बहुतेक जण फिरकत नाहीत, आणि मग पुढच्या संशोधकाला दारातच “मागचे आलते तसंच ना तुम्ही?” ऐकावं लागतं. ज्या प्रकरणात त्यांचा उल्लेख आहे त्या प्रकरणाची प्रत नेऊन द्या. शक्य असेल तर दोन पानांत, साध्या मराठीत सार लिहून द्या.

मी तामलवाडीच्या मंडपवाल्या काकांना प्रत नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावला, मुलाला सांगून प्रकरण उघडलं आणि बोट फिरवत फिरवत वाचू लागले. बराच वेळ गेला. मग बोट थांबलं.

“हे ‘म’ म्हणजे कोण?”

“तुम्हीच, काका. नाव छापायचं नसतं म्हणून अक्षर घातलंय.”

“वीस वर्षं पिठलं-भाकरी वाढलालोय मी, आणि तुम्ही ‘म’ घातलाव?” काका खरंच दुखावले होते. मुलगा हसत होता, मला हसू येत नव्हतं.

संमतीपत्रात तेव्हापासून मी एक जास्तीची ओळ घालते : ‘आपलं खरं नाव छापावं अशी आपली इच्छा आहे का? होय / नाही.’ तुम्हीही घाला, आणि सही घेताना ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवा.